विमा कचेरीतलं बारसं

"घरात काय बदल?"

एवढं विचारून ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरच्या माणसाकडे इतक्या आशेनं बघायचे, की आपल्या घरात काहीच बदल नाही याची त्याला लाज वाटावी.

"काय न्हाई, भाऊसाहेब. हाय तसंच हाय."

"अहो, वर्ष झालं की लग्नाला!"

पंचवीस वर्षांचा तो गडी कानापर्यंत लाल व्हायचा. मागची रांग हसायची. भाऊसाहेब हसायचे नाहीत. ते खरंच विचारत असायचे.

हा प्रश्न त्यांनी कचेरीपुरता ठेवला असता तर ठीक होतं. पण माळीवाड्याच्या स्टँडवर, भिंगारच्या बाजारात मेथीची जुडी निवडताना, सिनेमाच्या मध्यंतरात, जिथे कारखान्यातला माणूस दिसेल तिथे ते विचारायचे. एकदा एका दहाव्यालाही विचारलं. तिथे आवाज खाली आणून विचारलं, एवढंच.

त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण त्या नावानं त्यांना नगरमध्ये कुणी ओळखत नव्हतं. सगळे भाऊसाहेब म्हणायचे. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळं गाव हाक मारतं आणि ज्याचं पाकिटावरचं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक असतं.

ही सत्तर सालानंतरच्या तीन-चार वर्षांची गोष्ट. कामगारांच्या विम्याच्या कचेरीत मी नवीन कारकून होतो. कारखान्यातल्या माणसाच्या पगारातून थोडी रक्कम कापली जाई, आणि त्याबदल्यात त्याला व त्याच्या घरच्यांना विम्याचा दवाखाना मिळे. घरचे म्हणजे कोण? तर कार्डावर ज्यांची नावं आहेत ते. लग्न झालं, मूल झालं, म्हातारी आई गावाहून राहायला आली, की फॉर्म भरून नाव चढवायचं. कुणी गेलं, मुलीचं लग्न झालं, की नाव उतरवायचं. ही सगळी चढउतार भाऊसाहेबांच्या टेबलावर होई. दवाखाना त्याच आवारात, खालच्या मजल्यावर होता. आमची कचेरी वर.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. माझे वडील अंगठा करायचे. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते देवापुढे ठेवलं आणि मला म्हणाले, "कुनाला उगा हेलपाटा घालू नगंस." तेवढंच घेऊन मी नगरला आलो. पहिल्या दिवशी भाऊसाहेबांनी मला आपल्या शेजारी बसवलं आणि माझ्याकडूनच सुरुवात केली.

"लग्न?"

"नाही."

"आईवडील?"

"गावी आहेत."

"तुमच्यावर अवलंबून?"

मी प्रामाणिकपणे म्हणालो, "आजपर्यंत तरी मीच त्यांच्यावर होतो."

चष्मा कपाळावर गेला. "वा! ग्रॅज्युएट आहात खरे." त्या दिवसापासून मी ग्रॅज्युएट झालो. विद्यापीठानं दिलेली पदवी कुणी इतक्या वेळा मोठ्यानं म्हटली नसेल.

नाव चढवायचं काम त्यांना इतकं आवडे, की लोक येण्याची ते वाटच बघत नसत. कामगाराच्या लग्नाला जाताना त्यांच्या कोटाच्या खिशात फॉर्म असे. अक्षता पडल्या, मंगलाष्टकं संपली, की वाजंत्री थांबायच्या आत ते नवऱ्या मुलापर्यंत पोचलेले असत. "इथे सही. जेवायला बसलास की राहील, मग वर्षभर राहील." सही न येणाऱ्याचा अंगठा घ्यायचे. शाईची डबी लग्नात कुठून आणणार? मग हळदीचाच अंगठा. असे पिवळ्या अंगठ्याचे पाच-सात फॉर्म वरच्या कचेरीत गेले आणि तिथून विचारणा आली, की अर्जावर पिवळा डाग कसला, याचा खुलासा करावा. भाऊसाहेबांनी खुलासा लिहिला आणि मी तो स्वच्छ अक्षरात उतरवून काढला: "सदर डाग हळदीचा असून तो विवाह झाल्याचा पुरावा समजण्यात यावा." वरून पुन्हा पत्र आलं नाही. मला वाटतं, तिथेही कुणीतरी लग्न झालेलं असणार.

बाळाचं नाव चढवायला बाया येत, तेव्हा खिडकीशी गंमत असे. नवऱ्याचं नाव सांगा म्हटलं की बाई गप्प. शेजारणीकडे बघणार, पदर चावणार. नाव लिहिलेला कागद हातात असला तरी तो पुढे करणार, तोंडानं नाही. भाऊसाहेब कागद घेतच नसत. "आम्हांला तोंडी पाहिजे." मग रांगेतल्या बाया त्यांच्या बाजूनं होत. "घे गं, घे!" आणि मग ती एका दमात म्हणून टाके,

"भोंगा वाजतो कारखान्याचा सकाळच्या सातला, सर्जेरावांचं नाव सांगते विम्याच्या खात्याला!"

टाळ्या पडत. शिक्का पडे. खालून कंपाउंडर ओरडे, "अहो वरचे! हिथं आजारी मान्सं हायती!"

नाव उतरवायचं असलं की मात्र ते खुर्चीवरून उठत. उभं राहून रेघ मारत आणि मग बसत. मी एकदा कारण विचारलं.

"बसून कसं करणार, ग्रॅज्युएट? माणूस गेलंय."

आणि लगेच, मी फार गंभीर होऊ नये म्हणून, कपाटातून स्वतःच्या नोकरीचं पुस्तक काढून दाखवलं. त्यात त्यांच्या दोनच मुली होत्या. तिसरीची नोंद राहून गेली होती. तिसरीचं लग्न होऊन तिला दोन मुलं झाली होती. "आता चढवून लगेच उतरवायला लागेल," ते म्हणाले आणि इतके हसले की खोकला लागला.

त्यांची एक खोड मात्र नियमात बसणारी नव्हती. बहीण, मावशी, मेलेल्या भावाचा मुलगा, अशी माणसं घरात असत, पण फॉर्मवर त्यांना रकाना नसे. "नाही" हा शब्द भाऊसाहेबांच्या तोंडून लवकर निघत नसे. मग ते पेन्सिल काढत. कार्डाच्या तळाशी, बारीक अक्षरात, पेन्सिलीनं नाव लिहीत. माणूस समाधानानं जाई. खाली कंपाउंडरलाही हे माहीत होतं. पेन्सिलीला खोकल्याचं औषध मिळे, इंजेक्शन मिळत नसे.

मग नवे साहेब आले. तरुण, कडक, पण वाईट मुळीच नाही. त्यांनी कार्डं मागवली, पेन्सिल पाहिली आणि एका दमात सांगितलं, की पेन्सिलीतली सगळी नावं खोडा, आणि यापुढे मुलाचं नाव असल्याशिवाय नोंद नाही. आधी आम्ही "मुलगा, नाव नंतर" असं लिहून घेत असू. त्या एका नाव नसलेल्या मुलाच्या नावावर शेजारपाजारची चार मुलं औषध नेत, हे साहेबांनी बरोबर पकडलं होतं.

आठवडाभर आम्ही दोघं खोडत बसलो. तीन खोडरबर संपले. "हळू खोडा, ग्रॅज्युएट," भाऊसाहेब म्हणायचे, "कागद फाटला तर कळेल." कुणाला कळेल हे त्यांनी सांगितलं नाही.

दुष्काळ होता त्या वर्षीच्या चैत्रातली गोष्ट. सोमवारी सकाळी पाइपच्या कारखान्यातला किसन, त्याची बायको आणि पाच आठवड्यांचं बाळ वर आले. बाळ बायकोच्या माहेरी, भंडारदऱ्याकडच्या एका वाडीत जन्मलं होतं. खरं तर ती तीन महिने तिकडेच राहायची. पण बाळाचा उजवा पाय घोट्यातून आत वळलेला होता, तळवा वर दिसावा असा. खालच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, की हाडं कोवळी आहेत तोवर प्लॅस्टर घालून पाय सरळ होईल, जितका उशीर तितकं अवघड. हाडांचे डॉक्टर पुण्याहून महिन्यातून एकदा येतात, या गुरुवारी येणार आहेत. कार्डावर बाळाचं नाव चढवून आणा.

"नाव सांग," भाऊसाहेब म्हणाले. पेन उघडंच होतं.

किसननं खाली पाहिलं. "नाव न्हाई ठिवलं, भाऊसाहेब. बारसं ऱ्हायलंय."

"पाच आठवडे?"

"आत्या येत न्हाई."

आता तुम्हांला ठाऊकच आहे, पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ही आत्या म्हणजे किसनची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली, तेव्हा तिनंच त्याला कडेवर वाढवलं. ती पारनेर तालुक्यात दिलेली. आणि ती रुसली होती.

"काहीतरी नाव घालून टाकू," मी म्हणालो. "पुढे बदलता येईल."

तेव्हा आतापर्यंत गप्प असलेली किसनची बायको बोलली. "दादा, लेकराचा पाय आधीच वाकडा. नाव तरी सरळ ठिवा."

भाऊसाहेबांनी पेनचं टोपण लावलं.

"का रुसली बहीण?"

किसन चाचरत म्हणाला, "कार्डावरनं."

भाऊबिजेला ती ओवाळायला आली होती. मोठ्या हौसेनं म्हणाली, ते सरकारी कार्ड काढ, माझ्या म्होरं माझं नाव लिवलंय त्यावर, पोरीला दाखवू दे. शाळेत जाणाऱ्या तिच्या मुलीनं कार्ड वाचलं. किसनचं नाव होतं. नव्या भावजयीचं नाव होतं. मामीचं नाव हाय, आई, तुझं न्हाई. ताटातलं निरांजन तसंच ठेवून बहीण उठली. बायको आली आणि बहिणीला खोडली, तुझ्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार न्हाई, एवढं बोलून जी गेली ती गेली. किसन दोनदा जाऊन आला, दुसऱ्यांदा पोराच्या पायाचंही सांगून आला. तिनं पाणी दिलं, पण तोंड फिरवून.

भाऊसाहेबांचा चष्मा डोळ्यांवरच होता. त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला. ती पेन्सिल त्यांची होती. खोडरबर आमच्या दोघांचा.

मंगळवारी आम्ही दोघांनी रजा टाकली आणि पारनेरची एसटी धरली. फाट्यावर उतरून कोस दीड कोस चाललो. झाडाला पान नव्हतं, विहिरींच्या तळाला माती दिसत होती. ती घरी नव्हती, दुष्काळी कामावर होती. पाझर तलावाच्या बांधावर दोन-तीनशे माणसं माती ओढत होती. त्यांत ती सापडली. उंच, सडसडीत बाई, डोक्यावर पाटी, कासोटा घट्ट.

भाऊसाहेबांना पाहताच ती थांबली. "पेन्सिलवाले भाऊसाहेब न्हव का तुमी?"

"तोच."

"लिवलं कशाला मग, पुसायचं हुतं तर?"

भाऊसाहेब वाटेत मला सांगितलेलं सगळं भाषण तिथेच विसरले. ते म्हणाले, "बाई, तुमच्या भावजयीनं नाही खोडलं. तिला तर पेन्सिल माहीतच नाही. मी लिहिलं, मी खोडलं. लिहिलं तेव्हाही खोटंच होतं. लग्न झालेली बहीण कार्डात बसत नाही."

"बसत न्हाई?"

"नियमात नाही."

तिनं पाटी खाली ठेवली. कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहिलं. "मंग सरकारला भन नसंल."

शेजारच्या बाया खो खो हसल्या. मुकादम ओरडला, "ए, काय चाललंय तिकडं?" "सरकारच्या घरची मान्सं आल्याती, भनीचा पत्ता इचारत्यात!" एक म्हातारी ओरडून म्हणाली. पुन्हा हशा. भाऊसाहेबही हसायला लागले, मग मी. ती मात्र हसली नाही.

"पोराचा पाय कसा हाय?" तिनं एकदम विचारलं.

भाऊसाहेबांनी हाताचा पंजा मनगटातून आत वळवून दाखवला. ती त्या पंजाकडे बघत राहिली. त्यांनी सगळं सांगितलं: गुरुवार, डॉक्टर, नाव, रकाना. दुपारी एकला डॉक्टरांची जीप परत जाते, हेही.

"मी त्याच्या उंबऱ्याला पाय लावनार न्हाई म्हनलंय. धा बायांच्या म्होरं म्हनलंय."

"नका लावू. बारसं आमच्या कचेरीत करू."

मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. हे त्यांनाही बोलल्यावरच कळलं असावं.

"कचेरीत? पाळना बांधून?"

"पाळणा बांधून. आमच्या कचेरीला उंबराच नाही."

तिनं पाटी उचलून डोक्यावर घेतली. "बघते," म्हणाली आणि बांधावर चढून गेली.

परतताना एसटीत केडगाव आलं तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "ग्रॅज्युएट, कचेरीला उंबरा आहे हो. मी आत्ता आठवून पाहिला."

साहेबांना सांगायचं काम माझ्यावर आलं. पदवीचा एवढा उपयोग कधी झाला नव्हता. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. त्यातलं जे आठवेल ते सांगत, प्रजेच्या सोयीसाठी राज्यकर्त्यांनी काय काय केलं इथपर्यंत पोचलो. साहेबांनी हात वर केला. "तुम्ही बारसं म्हणताय?"

"हो, साहेब. कामाच्या वेळेतच. म्हणजे नोंदीचंच काम आहे. नाव कळताक्षणी आपल्याच रकान्यात पडेल."

साहेब बराच वेळ टेबलावरचा कागददाब फिरवत राहिले. मग म्हणाले, "आवाज होता कामा नये."

गुरुवारी सकाळी दोन रॅकांच्या मध्ये किसनच्या बायकोच्या लुगड्याची झोळी बांधली. एका बाजूला अपघाताच्या फायली, दुसऱ्या बाजूला प्रसूतीच्या. शिपायानं घरून हरभऱ्याच्या घुगऱ्या करून आणल्या, पितळी पातेलंभर. दवाखान्याच्या रांगेतल्या बायांना कसं कळलं कुणास ठाऊक, त्या वर यायला लागल्या. खोकणाऱ्या, पोटाला धरलेल्या, एक तर गालफुगी बांधलेली. घुगऱ्या घेऊन खाली जायच्या आणि दुसऱ्या यायच्या. आवाज होता कामा नये असं मी दारात उभा राहून सगळ्यांना ओरडून सांगत होतो.

दहा वाजले. अकरा वाजले. पारनेरची गाडी येऊन गेली. तिच्यातून ती उतरली नाही, असं स्टँडवर उभा केलेला किसन पळत येऊन सांगून गेला आणि पळत परत गेला. खाली डॉक्टरांनी शेवटचे केसपेपर मागवले. बाळ रडून झोपलं. त्याची आई झोळीची दोरी ओढत होती आणि दाराकडे बघत नव्हती. साडेअकराला भाऊसाहेब जाऊन डॉक्टरांना विनंती करून आले. बाराला पुन्हा गेले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा साहेबच म्हणाले, "तुम्ही बसा. मी जातो."

सव्वाबाराला आवारात पाण्याचा टँकर शिरला. तो आमच्याकडे यायचाच नव्हता. ड्रायव्हरशेजारून पाटीखालची चुंबळ खाली पडली आणि त्यामागून ती उतरली. पायांना गुडघ्यापर्यंत माती, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. तिला पाहून भाऊसाहेब जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरले.

"गाडी भरून ग्येली, थांबलीच न्हाई," ती धापा टाकत म्हणाली. "मग ह्याला आडवी झाले."

दारापाशी ती थबकली. खाली उंबरा होता. चांगला रुंद, सागवानी, मधोमध झिजलेला. भाऊसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"बाई, तो... म्हणजे त्याला आम्ही उंबरा असं..."

"व्हा बाजूला," ती म्हणाली. "मी भावाच्या उंबऱ्याचं बोलले हुते. सरकारच्या उंबऱ्याचं मला काय!" आणि ढांग टाकून आत आली.

झोळीशी किसनची बायको उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आत्यानं फडकं सोडलं. आत कुंची होती, खणाची, नवी, कडेला टाके जरा मोठे. तिनं बाळाच्या डोक्याला ती बांधली. मग पांघरूण सारून पाय पाहिला. मातीच्या हातानं तो हळूच धरला आणि सरळ करून पाहिला. सोडला की तो पुन्हा आत वळला.

"थांब रे सोन्या," ती म्हणाली, "तुझं काम करून घेऊ आधी."

ती वाकली. "कुर्र!" आणि रांगेतल्या सगळ्या बायांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. रिवाजच आहे तो. पण त्या दिवशी सगळ्या दवाखान्याचं दुखणं त्या धपाट्यांत उतरलं असावं. गालफुगीवाली सगळ्यांत जोरात मारत होती.

"नाव! नाव!" भाऊसाहेब ओरडले. "कानातलं नाव मोठ्यानं सांगा!"

"जयवंत!" आत्या मान वर करून म्हणाली. "भाऊबिजेच्या आधीपासनं ठरवून बसलीय मी. पोर हाय कळलं त्या दिशीपासनं. इचारायला आलं का कुनी?"

हे ऐकून किसनची बायको रडायला लागली, किसन हसायला लागला, आणि पेन साहेबांनी उघडलं. तेच खालून परत येऊन उभे होते टेबलाशी. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: जयवंत किसन, मुलगा, वय पाच आठवडे. शिक्का मारला. तो इतका जोरात मारला की घुगऱ्यांचं पातेलं वाजलं.

मग भाऊसाहेबांनी कार्ड घेतलं, आत्यानं बाळ घेतलं आणि ते दोघं जिन्यावरून धावत सुटले. मागे आई, मागे किसन, मागे मी, मागे घुगऱ्या खाणारी सगळी रांग. डॉक्टरांचा एक पाय जीपमध्ये होता. ते आमच्याकडे बघतच राहिले.

"सकाळपासून माझा प्रत्येक पेशंट तोंडात हरभरे घेऊन येतोय," ते म्हणाले. "हे कसलं हॉस्पिटल आहे?"

"साहेब, बारसं होतं," भाऊसाहेब शाई वाळावी म्हणून कार्डावर फुंकर घालत म्हणाले. "घ्या. नाव चढलं."

डॉक्टरांनी जीपमधला पाय बाहेर घेतला. बाळाच्या पायाला पहिलं प्लॅस्टर पडलं तेव्हा त्याला आत्यानं धरलं होतं. ते पांढरं ओलं प्लॅस्टर तिच्या मातीच्या लुगड्याला लागलं. ते तिनं धुतलं नाही, असं किसन पुढे सांगायचा.

पुढे दर आठवड्याला प्लॅस्टर बदलायचं असे; ते खालचेच डॉक्टर बदलत. किसनची दिवसपाळी, बायकोला पाण्याच्या रांगेत चार-चार तास. मग पारनेरहून आत्या यायची आणि बाळाला दवाखान्यात आणायची. कार्डावर ती कुठेच नव्हती. कंपाउंडरनं तिला कधी नाव विचारलं नाही. पुढे प्लॅस्टर सुटलं, मग बांधणी, मग लोखंडी पट्टीचे बूट. मधे एकदा डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं, टाच अजून वर राहते म्हणाले, आणि त्या दिवशी भाऊसाहेबांनी जेवणाचा डबा उघडला नाही. त्या पोराच्या पायाबद्दल ते मला रोज सांगत, आणि मी रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकत असे.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. संगमनेरकडे धाकट्या मुलीजवळ राहायला जायचं ठरलं होतं. सकाळची गाडी. स्टँडवर त्यांना निरोप द्यायला कारखान्यातली इतकी माणसं आली होती, की चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं कोण पुढारी आलाय म्हणून बाहेर येऊन पाहिलं. काकू, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी, आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या. ट्रंकही चढली होती. काकू खिडकीतून म्हणत होत्या, "अहो, चला! कंडक्टर तिकिटं फाडतोय!"

तेवढ्यात किसन, त्याची बायको आणि आत्या गर्दीतून पुढे आले. आत्यानं कडेवरचं पोर भाऊसाहेबांच्या समोर फरशीवर उभं केलं. सव्वा वर्षाचं पोर, पायांत बूट. तोवर ते धरून उभं राही, एवढंच आम्हांला माहीत होतं.

"सोडते बरं का," आत्या म्हणाली आणि तिनं हात काढला.

पोर डुगडुगलं. भाऊसाहेब वाकून दोन्ही हात पुढे करून उभे होते. "ये, जयवंता, ये." त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, सगळ्या गर्दीकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि उलट्या दिशेनं चालायला लागलं. एक पाऊल. दोन. बूट खाड खाड वाजत होते. पाच. सहा. उजवी टाच जमिनीला टेकत होती. कुणी ओरडलं, तशी त्याला चेव आला आणि ते शेवगावच्या गाडीकडे चक्क पळत सुटलं.

"अरे, अरे, अरे!" भाऊसाहेब त्याच्यामागे.

इकडे घंटी वाजली. संगमनेरची गाडी हलली. काकू खिडकीतून अर्ध्या बाहेर, "अहो! अहो, गाडी!" म्हणून ओरडतायत; ट्रंक आणि काकू फाटकाकडे निघाल्या आहेत; किसन गाडीमागे हात हलवत धावतोय; आणि आत्या टाळ्या वाजवत ओरडतेय, "धरू नका त्याला, भाऊसाहेब! पळू द्या! पळू द्या!"

त्यानंतर माझी त्यांची भेट झाली नाही. मला ते दिसतात ते पाठमोरे: धोतराचा सोगा एका हातात धरलेला, टोपी मागे पडलेली, एका छोट्या पोरामागे वाकून धावताहेत, आणि त्याला पकडत नाहीत.